लॉक स्क्रीनवरचे चित्र संगणकात नेमके कुठे असते? नवख्यांसाठी मार्गदर्शन

संगणक सुरू केल्यावर, पासवर्ड टाकण्याच्या आधी, पडद्यावर एखादा समुद्रकिनारा किंवा बर्फाच्छादित डोंगर दिसतो. चित्र आवडते आणि ते जपून ठेवावेसे वाटते. पण आत शिरल्यावर ‘पिक्चर्स’ फोल्डरमध्ये ते सापडत नाही, ‘डाउनलोड्स’मध्येही नाही. याच्या उलट अनुभवही येतो: आपणच लावलेला फोटो मूळ जागेवरून पुसून टाकला, तरी लॉक स्क्रीनवर तो तसाच हजर असतो. हे दोन्ही प्रकार एकाच कारणामुळे घडतात आणि ते कारण एकदा समजले की पुढच्या सगळ्या पायऱ्या पाठ न करताही लक्षात राहतात.

लॉक स्क्रीन दिसते त्या क्षणी आपण संगणकाच्या दृष्टीने अजून घरात आलेलो नसतो, दाराबाहेर उभे असतो. संगणक नुकताच सुरू झाला असेल तर कोणत्याही वापरकर्त्याचे सत्र चालू नसते, त्यामुळे एका विशिष्ट माणसाच्या खासगी फोल्डरमधली फाइल उघडून दाखवणे प्रणालीला सोयीचे नसते आणि सुरक्षेच्या दृष्टीने योग्यही नसते. तो फोटो पेन ड्राइव्हवर असेल आणि पेन ड्राइव्ह काढलेला असेल, तर प्रश्नच मिटला. म्हणून आपण चित्र निवडतो तेव्हा विंडोज त्याची स्वतःची एक प्रत काढते, ती पडद्याच्या मापाची करते आणि प्रणालीला कधीही वाचता येईल अशा जागी ठेवते. लॉक स्क्रीनवर दिसते ती ही प्रत, आपली फाइल नव्हे.

डेस्कटॉपच्या वॉलपेपरशी तुलना केली की हा फरक अधिक स्पष्ट होतो. डेस्कटॉप आपण आत आल्यावरच दिसतो, म्हणून त्याच्या चित्राची प्रत आपल्याच खात्याच्या ‘ॲपडेटा’ फोल्डरमध्ये, ‘रोमिंग’, ‘मायक्रोसॉफ्ट’, ‘विंडोज’, ‘थीम्स’ या वाटेवर, ‘ट्रान्सकोडेड-वॉलपेपर’ नावाने पडलेली असते आणि ती आपल्याला सहज उघडता येते. लॉक स्क्रीनची प्रत मात्र आपल्या हाताला सहजासहजी लागत नाही.

या लेखातील फोल्डरांची नावे देवनागरीत दिली आहेत; पडद्यावर ती रोमन लिपीत दिसतील. त्यामुळे शक्य तिथे नाव टाइप करण्याऐवजी एकामागून एक फोल्डर उघडत जाण्याचीच पद्धत सांगितली आहे. विंडोजची भाषा मराठी ठेवली असेल, तर सेटिंग्जमधली शीर्षके मराठीत दिसतील, पण आत दडलेल्या फोल्डरांची नावे इंग्रजीच राहतात.

पहिली पायरी: आपले चित्र कोणत्या प्रकारचे आहे ते पाहणे

कीबोर्डवरील विंडोज कळ आणि ‘आय’ एकत्र दाबून सेटिंग्ज उघडावी, तेथे ‘पर्सनलायझेशन’ आणि त्यात ‘लॉक स्क्रीन’ निवडावे. वरच्या भागातील यादीत तीन पर्याय दिसतात: ‘विंडोज स्पॉटलाइट’, ‘पिक्चर’ आणि ‘स्लाइडशो’. नवीन संगणकावर बहुधा स्पॉटलाइट चालू असते, म्हणजे चित्रे मायक्रोसॉफ्टकडून इंटरनेटवरून येतात आणि अधूनमधून आपोआप बदलतात. ‘पिक्चर’ असेल तर चित्र एकच, आपण निवडलेले किंवा विंडोजसोबत आलेले. ‘स्लाइडशो’मध्ये आपण दाखवलेल्या फोल्डरमधली चित्रे आळीपाळीने येतात, त्यात शोधण्यासारखे फारसे काही नाही, कारण फोल्डर आपणच दिलेला असतो.

चित्राचा प्रकार ओळखल्याशिवाय पुढे जाऊ नये. अनेक जण कुठेतरी वाचलेला पत्ता धरून थेट स्पॉटलाइटच्या फोल्डरमध्ये जातात आणि आपणच लावलेला फोटो तिथे शोधत बसतात. तो तिथे कधीच नसतो.

विंडोजसोबत आलेली चित्रे पाहायची असतील, तर ‘सी’ ड्राइव्हमधील ‘विंडोज’ फोल्डर, त्यात ‘वेब’ आणि त्यात ‘स्क्रीन’ उघडावे. ती साधी जेपीजी किंवा पीएनजी चित्रे असतात आणि कोणालाही पाहता येतात. शेजारच्या ‘वॉलपेपर’ फोल्डरमध्ये डेस्कटॉपची चित्रे असतात. विंडोज १० सोबत आलेले निळ्या खिडकीचे प्रसिद्ध चित्र तिथेच आहे. ते संगणकावर रेखाटलेले वाटते, पण २०१५ मध्ये खरी काचेची खिडकी उभी करून, धूर सोडून आणि लेझर व प्रोजेक्टरचा प्रकाश टाकून कॅमेऱ्याने टिपलेले आहे.

दुसरी पायरी: स्पॉटलाइटची चित्रे बाहेर काढणे

बहुतेक वाचकांना हीच पायरी हवी असते, म्हणून ती सविस्तर सांगतो.

फाइल एक्सप्लोरर उघडावा. विंडोज ११ मध्ये वरच्या ‘व्ह्यू’ मेनूतील ‘शो’मध्ये आणि विंडोज १० मध्ये ‘व्ह्यू’ पट्टीवर ‘हिडन आयटम्स’ हा पर्याय आहे. त्यावर खूण करावी, कारण ज्या फोल्डरमध्ये जायचे आहे तो एरवी लपलेला असतो. त्याच ठिकाणी ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’ हा पर्यायही चालू करून ठेवावा. आता ‘सी’ ड्राइव्ह, त्यात ‘युजर्स’, त्यात आपल्या खात्याच्या नावाचा फोल्डर, मग ‘ॲपडेटा’, ‘लोकल’ आणि ‘पॅकेजेस’ असे उघडत जावे. विंडोजच्या लहानमोठ्या ॲपांचे फोल्डर इथे वर्णानुक्रमे मांडलेले असतात आणि ते पन्नासाच्या पुढे सहज जातात. त्यात ‘मायक्रोसॉफ्ट टिंब विंडोज टिंब कंटेंट-डिलिव्हरी-मॅनेजर’ अशा नावाचा फोल्डर शोधावा. नावाच्या शेवटी अधोरेषेनंतर १३ अक्षरांची एक निरर्थक वाटणारी शेपटी दिसेल. ती प्रकाशकाच्या ओळखीवरून तयार केलेली असते आणि मायक्रोसॉफ्टने विंडोजसोबत दिलेल्या अनेक ॲपांना तीच लागलेली असते, त्यामुळे ती पाहून गोंधळू नये आणि ती लक्षात ठेवण्याचेही कारण नाही.

या फोल्डरमध्ये ‘लोकल-स्टेट’ आणि त्यात ‘असेट्स’ आहे. तो उघडल्यावर नवख्या माणसाची निराशा होते, कारण तिथे एकही चित्र दिसत नाही; दिसतात त्या अंक आणि ‘ए’ ते ‘एफ’ ही अक्षरे मिसळून बनलेल्या, ६४ अक्षरी नावांच्या फाइली, ज्यांना शेवटी जेपीजी, पीएनजी असे कोणतेही एक्स्टेन्शन नसते. विंडोजमध्ये फाइल कशाने उघडायची हे एक्स्टेन्शनवरून ठरते. ते नसल्यामुळे एक्सप्लोरर या फाइली कोऱ्या पानाच्या खुणेने दाखवतो. चित्र मात्र आत पूर्ण असते. जेपीजी प्रकारच्या फाइलीचे पहिले काही बाइट ठरलेले असतात आणि चित्र दाखवणारा प्रोग्राम त्यावरून ती फाइल ओळखू शकतो, म्हणून नुसते नाव दुरुस्त केले तरी काम भागते. फाइलीचे कोणतेही रूपांतर करावे लागत नाही.

नावे या फोल्डरमध्येच बदलू नयेत. स्पॉटलाइट आपल्या फाइली या लांबलचक नावांनीच शोधते, आणि आपण नाव बदलले तर तिच्या दृष्टीने ती फाइल हरवते. ‘पिक्चर्स’मध्ये ‘स्पॉटलाइट’ असा नवा फोल्डर करावा, ‘असेट्स’मध्ये कंट्रोल आणि ‘ए’ दाबून सर्व फाइली निवडाव्यात आणि त्या नव्या फोल्डरमध्ये उतरवाव्यात. लक्षात ठेवावे की कंट्रोल आणि ‘सी’ दाबायचे आहे, ‘एक्स’ नव्हे.

नव्या फोल्डरमध्ये आल्यावर यादी ‘डिटेल्स’ स्वरूपात पाहून ‘साइझ’ या रकान्यावर क्लिक करावे, म्हणजे मोठ्या फाइली एकत्र येतात. अगदी लहान, काही किलोबाइटच्या फाइली बहुधा ॲपांची बोधचिन्हे असतात. त्या पुसून टाकल्या तरी चालेल. उरलेल्यांपैकी एक फाइल निवडून ‘एफ २’ दाबावे, कर्सर नावाच्या शेवटी न्यावा आणि टिंब देऊन जेपीजी ही तीन रोमन अक्षरे जोडावीत. विंडोज इशारा देईल की एक्स्टेन्शन बदलल्याने फाइल निकामी होऊ शकते; आपण मूळ फाइलीची प्रत हाताळत आहोत, तेव्हा ‘येस’ म्हणण्यात धोका नाही.

वीस-पंचवीस फाइलींना एकेक करून नाव देणे कंटाळवाणे आहे. त्यासाठी त्याच नव्या फोल्डरच्या पत्त्याच्या पट्टीत क्लिक करून सी, एम, डी ही तीन अक्षरे टाइप करून एंटर दाबावे. काळ्या पार्श्वभूमीची आज्ञा-खिडकी उघडेल आणि ती त्याच फोल्डरकडे बोट दाखवत असेल. त्यात आर, ई, एन ही अक्षरे, एक मोकळी जागा, मग तारांकन-टिंब-तारांकन, पुन्हा एक मोकळी जागा, आणि शेवटी तारांकन-टिंब व त्याला चिकटून जेपीजी असे लिहून एंटर दाबले की सगळ्या फाइलींना एकाच वेळी एक्स्टेन्शन मिळते. एंटर दाबण्यापूर्वी ओळीच्या सुरुवातीला दिसणारा फोल्डरचा पत्ता वाचून पाहावा. ही आज्ञा चुकून ‘डॉक्युमेंट्स’मध्ये दिली, तर तिथल्या सगळ्या वर्ड आणि एक्सेलच्या फाइली जेपीजी होऊन बसतील, आणि ते निस्तरताना दुपार जाईल.

आता लघुचित्रे दिसू लागतील. जवळजवळ प्रत्येक दृश्य दोनदा असल्याचे लक्षात येईल: एकदा आडवे, साधारणपणे १९२० बाय १०८० बिंदूंचे, आणि एकदा उभे, १०८० बाय १९२० चे. उभी चित्रे टॅब्लेटसारख्या उभ्या धरलेल्या पडद्यांसाठी आहेत, म्हणून ती चूक समजू नये. मोबाइलच्या वॉलपेपरसाठी तीच उपयोगी पडतात.

‘असेट्स’मध्ये मोठी फाइल एकही सापडली नाही, तर विंडोज ११ मधील दुसरी जागा पाहावी. त्याच ‘पॅकेजेस’ फोल्डरमध्ये ‘मायक्रोसॉफ्ट-विंडोज टिंब क्लायंट टिंब सीबीएस’ असा फोल्डर आहे. त्यात ‘लोकल-कॅशे’, ‘मायक्रोसॉफ्ट’ आणि ‘आयरिस-सर्व्हिस’ असे आत जावे. डेस्कटॉपवर लावलेल्या स्पॉटलाइटची चित्रे इथल्या उपफोल्डरांत असतात.

आत्ता दिसत असलेलेच चित्र हवे असेल, तर आणखी एक नेमका मार्ग आहे. विंडोज कळ आणि ‘आर’ दाबून ‘रेजएडिट’ चालवावे; त्यातून रजिस्ट्री, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत सेटिंग्जची नोंदवही, उघडते. डावीकडे ‘एच-की लोकल मशीन’पासून ‘सॉफ्टवेअर’, ‘मायक्रोसॉफ्ट’, ‘विंडोज’, ‘करंट-व्हर्जन’, ‘ऑथेंटिकेशन’, ‘लॉगॉन-यूआय’ आणि ‘क्रिएटिव्ह’ असे उघडत जावे. त्याखाली ‘एस-१-५-२१’ने सुरू होणारा लांब क्रमांक असतो; तो आपल्या खात्याचा ओळखक्रमांक आहे. त्याच्या आतील नोंदीत ‘लँडस्केप-इमेज’ नावापुढे चालू चित्राच्या फाइलीचा संपूर्ण पत्ता लिहिलेला असतो. तो वाचावा आणि खिडकी बंद करावी. रजिस्ट्रीत नवख्याने काहीही बदलू नये, पाहण्यापुरतेच जावे.

या छायाचित्रांचे हक्क छायाचित्रकारांकडे आणि त्यांच्या संस्थांकडे असतात. आपल्या संगणकावर किंवा फोनवर लावण्यासाठी चित्र जपून ठेवणे वेगळे आणि तेच दुकानाच्या फ्लेक्सवर छापणे वेगळे.

तिसरी पायरी: स्वतःचा फोटो लावणे आणि त्याची प्रत कुठे जाते ते समजून घेणे

‘लॉक स्क्रीन’च्या सेटिंग्जमध्ये ‘पिक्चर’ निवडून ‘ब्राउझ फोटोज’वर क्लिक करावे आणि फोटो दाखवावा. इतके केले की फोटो लागतो, पण तो नीट दिसावा यासाठी थोडी पूर्वतयारी करावी. लॉक स्क्रीन चित्र पडदाभर पसरवते आणि बाजूंना उरलेला भाग कापते. १३६६ बाय ७६८, १९२० बाय १०८० असे बहुतेक पडदे १६ ला ९ या प्रमाणात असतात आणि काही नवे लॅपटॉप १६ ला १० प्रमाणात येतात. मोबाइलने उभा काढलेला फोटो त्यात बसवला, तर डोके किंवा पाय कापले जाणारच. म्हणून ‘फोटोज’ ॲपमध्ये आधीच योग्य प्रमाणात कातरून घ्यावे. विंडोज १० मध्ये घड्याळ डाव्या कोपऱ्यात खाली येते, विंडोज ११ मध्ये ते मध्यभागी वर येते. त्यामुळे गडाच्या माथ्याचा फोटो विंडोज ११ वर लावला की नेमका बालेकिल्लाच घड्याळाआड जातो. वरचा तिसरा हिस्सा आकाशाला सोडलेला फोटो निवडणे हा त्यावरचा सोपा उपाय आहे.

फोटो लावल्यावर विंडोज त्याच्या प्रती ‘सी’ ड्राइव्हवरील ‘प्रोग्रॅम-डेटा’ या लपलेल्या फोल्डरमध्ये, ‘मायक्रोसॉफ्ट’, ‘विंडोज’, ‘सिस्टम-डेटा’ या वाटेने, वर सांगितलेल्या ओळखक्रमांकाच्या नावाच्या फोल्डरमधील ‘रीड-ओन्ली’मध्ये ठेवते. आत ‘लॉक-स्क्रीन’ या नावाला एकेक इंग्रजी अक्षर जोडलेले फोल्डर असतात आणि त्यांतील फाइलींच्या नावातच १९२०, १०८० असे पडद्याचे माप लिहिलेले असते. एकाच संगणकावर अनेक खाती असतील, तर कोणता क्रमांक आपला हे पाहण्यासाठी आज्ञा-खिडकीत ‘हू ॲम आय’ (मी कोण) हे तीन इंग्रजी शब्द न तोडता लिहावेत, मग मोकळी जागा, उजवीकडे झुकलेली तिरपी रेघ (/) आणि तिला चिकटून ‘युजर’. उत्तरादाखल क्रमांक छापून येतो.

‘सिस्टम-डेटा’ उघडायला गेल्यावर मात्र परवानगी नाकारली जाते. ॲडमिनिस्ट्रेटर खात्याने गेलो तरी तेच घडते, कारण या फोल्डरची मालकी ‘सिस्टम’ नावाच्या, खुद्द विंडोजच्या अंतर्गत खात्याकडे असते. याला बिघाड समजू नये. पासवर्डच्या आधी दिसणाऱ्या पडद्यावर कोणालाही परस्पर काहीही लावता आले, तर बनावट पासवर्ड-खिडकीचे चित्र लावून फसवणूक करणे सोपे जाईल. फोल्डरची मालकी आपल्याकडे घेण्याच्या आज्ञा आहेत आणि त्या जागोजागी दिलेल्याही आढळतात, पण एका चित्रासाठी प्रणालीच्या परवानग्यांशी खेळ करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मूळ फोटो हरवला असेल आणि फक्त लॉक स्क्रीनवर उरला असेल, तर सेटिंग्जच्या ‘लॉक स्क्रीन’ पानावर त्याचे पूर्वदृश्य दिसते. लॉक केलेल्या पडद्याचा मोबाइलने फोटो काढण्यापेक्षा त्या पूर्वदृश्याचा स्क्रीनशॉट बरा. तो लहान मिळेल, पण काहीच नसण्यापेक्षा उजवा.

काही वर्षांपूर्वी मी माझा जुना लॅपटॉप भाच्याला दिला. देण्याआधी सगळे फोटो पुसले, रिसायकल बिन रिकामी केली आणि काम झाले असे समजलो. त्याने घरी जाऊन झाकण उघडले, तर समोर आमच्या घरच्या गणपतीपुढे बसलेले सगळे कुटुंब! फोटो पुसला होता, प्रणालीने काढलेली प्रत पुसली नव्हती. नशिबाने तो घरातलाच मुलगा होता. तेव्हापासून संगणक दुरुस्तीला देताना मी आधी लॉक स्क्रीनला विंडोजचे तयार चित्र लावतो, आणि कायमचा द्यायचा असेल तर सेटिंग्जमधील ‘सिस्टम’ आणि ‘रिकव्हरी’मध्ये जाऊन ‘रिसेट धिस पीसी’मधील ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ वापरतो. मुलांचे फोटो, घराचा पत्ता दिसणारी पाटी किंवा कार्यालयाचे ओळखपत्र असलेले चित्र लॉक स्क्रीनवर मुळात लावूच नये, कारण ते पाहण्यासाठी कोणालाही पासवर्ड लागत नाही.

चौथी पायरी: पासवर्डच्या पडद्यावर चित्र का दिसत नाही किंवा धूसर का दिसते

लॉक स्क्रीन आणि पासवर्ड विचारणारा पडदा एकच वाटतात, पण ते दोन आहेत. विंडोज कळ आणि ‘एल’ दाबल्यावर घड्याळासह चित्र दाखवण्याचे काम ‘लॉकॲप’ नावाचा प्रोग्राम करतो, आणि कळ दाबल्यावर पुढे येणारी पासवर्डची चौकट ‘लॉगॉन-यूआय’ मांडते. टास्क मॅनेजरमध्ये ‘लॉकॲप’ दिसले म्हणून काही जण घाबरून ते व्हायरस समजतात. ते विंडोजचेच आहे.

दुसऱ्या पडद्यावर चित्राऐवजी सपाट रंग येत असेल, तर ‘लॉक स्क्रीन’च्या सेटिंग्जमध्ये तळाशी ‘शो द लॉक स्क्रीन बॅकग्राउंड पिक्चर ऑन द साइन-इन स्क्रीन’ हे बटण आहे, ते चालू करावे. चित्र येते पण दुधी काचेतून पाहिल्यासारखे दिसते, तर तो २०१९ च्या मे महिन्यातील विंडोज १० च्या आवृत्तीपासून आलेला मुद्दाम दिलेला परिणाम आहे. ‘पर्सनलायझेशन’मधील ‘कलर्स’मध्ये जाऊन ‘ट्रान्स्परन्सी इफेक्ट्स’ बंद केले की चित्र स्पष्ट होते. त्यासोबत टास्कबार आणि मेनूंचा पारदर्शकपणाही जातो.

विंडोज ७ मध्ये या कामासाठी बरीच उठाठेव करावी लागत असे. रजिस्ट्रीत ‘ओईएम-बॅकग्राउंड’ ही नोंद १ करायची, ‘सिस्टम ३२’च्या पोटात ‘इन्फो’ आणि ‘बॅकग्राउंड्स’ हे फोल्डर स्वतः तयार करायचे आणि त्यात ठरलेल्या नावाची, २५६ किलोबाइटपेक्षा लहान जेपीजी फाइल ठेवायची. स्वतंत्र लॉक स्क्रीन २०१२ च्या विंडोज ८ पासून आली आणि त्यानंतर ही उठाठेव संपली. पण तेव्हाही चित्र प्रणालीच्याच फोल्डरमध्ये ठेवावे लागे, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

कार्यालयाच्या संगणकावर हे पर्याय करड्या रंगाचे दिसत असतील आणि वर ‘काही सेटिंग्ज आपल्या संस्थेकडून नियंत्रित’ या अर्थाची इंग्रजी ओळ असेल, तर तेथील व्यवस्थापकाने ग्रुप पॉलिसीद्वारे सर्वांसाठी एकच चित्र ठरवून दिले आहे. त्यातून पळवाट शोधू नये.

पाचवी पायरी: स्पॉटलाइट अडकली असेल तर

एकच चित्र आठवडाभर हलत नाही, ही स्पॉटलाइटची नेहमीची तक्रार आहे. प्रथम इंटरनेटची जोडणी ‘मीटर्ड’, म्हणजे डेटा जपून वापरायची, म्हणून नोंदवलेली आहे का ते पाहावे. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम करणाऱ्यांनी हे आवर्जून तपासावे आणि तसे असल्यास चांगल्या वाय-फायवर ती नोंद बंद करून पाहावी. तरीही फरक पडला नाही, तर लॉक स्क्रीन तात्पुरती ‘पिक्चर’वर आणावी, दुसऱ्या पायरीतील ‘असेट्स’ फोल्डरमधल्या फाइली पुसाव्यात, संगणक पुन्हा सुरू करावा आणि मग ‘विंडोज स्पॉटलाइट’ परत निवडावे. नवी चित्रे यायला थोडा वेळ लागतो. पुसण्यापूर्वी आवडलेल्या चित्रांची प्रत काढून ठेवायला विसरू नये, कारण तेच चित्र पुन्हा कधी येईल याचा भरवसा नाही.

मॅक आणि लिनक्स वापरणाऱ्यांसाठी

मॅकवर लॉक स्क्रीनसाठी वेगळे चित्र निवडण्याची सोय नाही; डेस्कटॉपचे चित्रच तिथे दिसते. पण दाराबाहेरची अडचण मॅकलाही चुकलेली नाही. २०१९ च्या कॅटालिना आवृत्तीपासून मॅकने ही प्रत मुख्य ‘लायब्ररी’तील ‘कॅशेस’, त्यात ‘डेस्कटॉप पिक्चर्स’ आणि त्यात प्रत्येक खात्याच्या लांब ओळखक्रमांकाच्या फोल्डरमध्ये ‘लॉकस्क्रीन’ नावाच्या पीएनजी फाइलीच्या रूपात ठेवायला सुरुवात केली. फाइंडरच्या ‘गो’ मेनूतील ‘गो टू फोल्डर’मधून तिथे पोहोचता येते. फाइलव्हॉल्ट, म्हणजे मॅकची डिस्क कूटबद्ध करण्याची सोय, चालू असेल, तर पासवर्ड देईपर्यंत वापरकर्त्यांच्या माहितीचा सगळा भाग कूटबद्ध असतो, म्हणून सुरुवातीच्या पडद्यासाठी लागणारे साहित्य ‘प्रीबूट’ नावाच्या वेगळ्या छोट्या विभागात ठेवावे लागते.

लिनक्सवर डेस्कटॉप मांडणारे वेगवेगळे प्रोग्राम असतात; ग्नोम आणि केडीई हे त्यांपैकी दोन. उबुंटूसारख्या ग्नोम वापरणाऱ्या लिनक्सवर २०२० च्या ३.३६ या आवृत्तीपासून लॉक स्क्रीनवर डेस्कटॉपचेच चित्र धूसर करून दाखवले जाते. केडीई वापरणाऱ्यांना सेटिंग्जमधून लॉक स्क्रीनसाठी स्वतंत्र चित्र निवडता येते आणि त्याचा पत्ता आपल्या घर-फोल्डरमधील लपलेल्या ‘कॉन्फिग’ फोल्डरमध्ये, ‘के-स्क्रीन-लॉकर-आरसी’ या साध्या मजकुराच्या फाइलीत लिहिलेला असतो. ती कोणत्याही एडिटरमध्ये उघडून वाचता येते. इथे लॉक स्क्रीन आपल्याच सत्रात चालते, त्यामुळे आपला फोटो वाचायला तिला अडचण येत नाही. संगणक सुरू झाल्यावर येणारा प्रवेशाचा पडदा मात्र वेगळ्या खात्याने चालतो: ग्नोममध्ये जीडीएम, केडीईमध्ये एसडीडीएम. उबुंटूने २०२१ च्या २१.०४ आवृत्तीपासून वापरकर्त्यांची घर-फोल्डरे इतरांसाठी बंद केली, आणि त्यानंतर ‘पिक्चर्स’मधला फोटो प्रवेशाच्या पडद्यावर लावू पाहणाऱ्यांना तिथे कोरा रंगच दिसू लागला. अशा वेळी फोटोची प्रत ॲडमिनिस्ट्रेटरच्या अधिकाराने ‘यूएसआर’, ‘शेअर’, ‘बॅकग्राउंड्स’ या फोल्डरमध्ये ठेवावी, ती सर्वांना वाचता येईल अशी परवानगी द्यावी आणि प्रवेशाच्या पडद्याच्या सेटिंगमध्ये या नव्या जागेचा पत्ता द्यावा.